राहुल भेके : बचावफळीतील उशिरा उजळलेले नाव

भारतीय फुटबॉल संघाचा बचावपटू राहुल भेके याने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी हैदराबाद येथे मलेशियाविरुद्ध आपला पहिला आंतरराष्ट्रीय गोल केला, तेव्हा तो वयाची चौतीस वर्षे पूर्ण करण्याच्या उंबरठ्यावर होता. मुंबईत ६ डिसेंबर १९९० रोजी जन्मलेल्या या खेळाडूला राष्ट्रीय संघात पहिली संधी मिळाली ती अठ्ठाविसाव्या वर्षी. बहुतेक फुटबॉलपटूंच्या कारकिर्दीचा बहर ज्या वयात ओसरू लागतो, त्या वयात भेके याच्या कारकिर्दीला खऱ्या अर्थाने गती आली. त्यापूर्वी अनेक वर्षे तो देशातील नामवंत क्लबांकडून नियमितपणे खेळत होता. मात्र त्याच्या खेळाची चर्चा फारशी होत नव्हती.

भेके याच्या वाटचालीचा आढावा घेताना एका खेळाडूच्या यशापयशाबरोबरच आणखी एक प्रश्न पुढे येतो. प्रतिस्पर्ध्याला गोल करू न देणाऱ्या खेळाडूची कामगिरी मोजायची कशी, हा तो प्रश्न होय.

बचावपटू दुर्लक्षित का राहतो?

फुटबॉलमध्ये आघाडीपटूच्या कामाची नोंद गोलफलकावर होते. बचावपटूच्या कामाची नोंद मात्र बहुधा त्याची चूक झाल्यावरच होते. नव्वद मिनिटांत त्याने दहा वेळा चेंडू अडवला आणि अकराव्या वेळी तो चुकला, तर दुसऱ्या दिवशीच्या वृत्तान्तात अकरावा प्रसंगच येतो. योग्य जागी आधीच उभे राहून प्रतिस्पर्ध्याला चेंडू मिळूच न देणे हे उत्तम बचावाचे लक्षण मानले जाते. पण त्यात प्रेक्षकांना दिसण्यासारखे काही घडत नाही.

ही स्थिती केवळ भारतापुरती मर्यादित नाही. युरोपातील सर्वोत्तम खेळाडूसाठी १९५६ पासून दिल्या जाणाऱ्या आणि पुढे जगभरातील खेळाडूंसाठी खुल्या झालेल्या 'बॅलन डी'ऑर' या पुरस्कारावर मोजक्याच बचावपटूंचे नाव कोरले गेले आहे. जर्मनीच्या फ्रान्झ बेकेनबाउर यांनी १९७२ आणि १९७६ मध्ये, त्यांच्याच देशाच्या मथियास झामर यांनी १९९६ मध्ये, तर इटलीचे विश्वविजेते कर्णधार फाबिओ कानावारो यांनी २००६ मध्ये हा मान मिळवला. त्यानंतर २०२५ पर्यंत एकाही बचावपटूला हा पुरस्कार मिळालेला नाही. नेदरलँड्सचा व्हर्जिल व्हॅन डाइक २०१९ मध्ये या पुरस्काराच्या जवळ पोहोचला होता. परंतु त्याला दुसऱ्या स्थानावर समाधान मानावे लागले.

भारतात अर्जुन पुरस्काराला १९६१ मध्ये प्रारंभ झाला. फुटबॉलमधील पहिले तीन मानकरी, म्हणजे पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम आणि चुनी गोस्वामी, हे तिघेही आघाडीपटू होते. बचावपटू जर्नेलसिंग यांचा क्रमांक त्यानंतर, १९६४ मध्ये लागला. जर्नेलसिंग हे भारताने घडवलेल्या सर्वश्रेष्ठ बचावपटूंपैकी एक मानले जातात. तरीही त्यांची सर्वाधिक सांगितली जाणारी आठवण एका गोलचीच आहे. जकार्ता येथील १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत डोक्याला दुखापत झाल्यामुळे त्यांना बचावफळीऐवजी आघाडीवर खेळवण्यात आले होते. अंतिम सामन्यात त्यांनी दक्षिण कोरियाविरुद्ध गोल केला आणि भारताने तो सामना २-१ असा जिंकून सुवर्णपदक पटकावले.

हॉकीतही हेच चित्र दिसते. उत्तर प्रदेशातील झाशी हे मेजर ध्यानचंद यांचे गाव. शहरातील टेकडीवर त्यांचा भव्य पुतळा उभा आहे. तेथील गजबजलेल्या इलाइट चौराह्यावर ध्यानचंद यांचे नाव कोणालाही नव्याने सांगावे लागणार नाही. बर्लिन येथे १९३६ मध्ये झालेल्या ऑलिंपिकमध्ये भारताने पाच सामन्यांत ३८ गोल केले, ही नोंद अनेकांना पाठ असते. त्याच पाच सामन्यांत भारतावर अवघा एक गोल झाला, ही नोंद मात्र क्वचितच सांगितली जाते. अंतिम सामन्यात बचावफळीत खेळलेले कार्लाइल टॅपसेल आणि मोहम्मद हुसेन यांची नावे आज अभ्यासकांपलीकडे फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

मुंबईचे मैदान आणि सुरुवातीची वर्षे

भेके ज्या शहरात वाढला, त्या मुंबईला फुटबॉलची जुनी परंपरा आहे. रोव्हर्स चषक ही देशातील सर्वांत जुन्या स्पर्धांपैकी एक स्पर्धा १८९१ मध्ये मुंबईतच सुरू झाली. कूपरेज मैदानावर होणाऱ्या या स्पर्धेसाठी देशभरातील संघ येत असत. टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्र अशा कंपन्यांच्या संघांनी शहरातील खेळाडूंना नोकरी आणि मैदान या दोन्ही गोष्टी दिल्या.

तथापि, भेके व्यावसायिक फुटबॉलमध्ये पाऊल ठेवत असताना ही व्यवस्था मोडकळीस आली होती. रोव्हर्स चषक स्पर्धा बंद पडली होती. राष्ट्रीय फुटबॉल लीगचे २००५-०६ या मोसमातील जेतेपद मिळवणारा महिंद्र युनायटेड हा संघ २०१० मध्ये बरखास्त करण्यात आला. मुंबईतील तरुण खेळाडूंसमोर २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफसी हा एक महत्त्वाचा पर्याय उरला होता. या संघाची सूत्रे दीर्घकाळ खालिद जमील यांच्याकडे होती. अल्प खर्चात, स्थानिक खेळाडूंच्या बळावर आणि भक्कम बचावाच्या आधारे आय-लीगमधील स्थान टिकवणे, ही त्यांच्या संघाची ओळख होती. भेके याच्या खेळाची जडणघडण याच संघात झाली.

त्यानंतर कोलकात्यातील ईस्ट बंगाल या नामवंत क्लबने त्याला करारबद्ध केले. याच काळात भारतीय फुटबॉलची रचना बदलत होती. इंडियन सुपर लीग, म्हणजेच आयएसएल, २०१४ मध्ये सुरू झाली. पहिले तीन मोसम ही स्पर्धा वर्षातील मोजक्या महिन्यांतच होत असे आणि ती संपल्यावर आय-लीग सुरू होई. परिणामी एकच खेळाडू एका वर्षात दोन संघांकडून खेळू शकत असे. आय-लीगमधील क्लब आपले खेळाडू आयएसएलच्या संघांना काही काळापुरते देत असत. भेके यानेही २०१५ मध्ये केरळ ब्लास्टर्स आणि २०१६ मध्ये पुणे सिटी या संघांचे प्रतिनिधित्व केले.

सतत संघ बदलावे लागणे बचावपटूसाठी अधिक जिकिरीचे असते. आघाडीपटू एखाद्या वैयक्तिक कौशल्यावरही छाप पाडू शकतो. बचावफळी मात्र चार जणांची मिळून चालते. शेजारचा खेळाडू केव्हा पुढे सरकतो, गोलरक्षक केव्हा जागा सोडतो, ऑफसाइडची रेषा कोणाच्या इशाऱ्यावर पुढे न्यायची, या गोष्टी सहवासानेच कळतात. दर काही महिन्यांनी सहकारी बदलत असतील, तर ही समज तयार होण्यास वेळच मिळत नाही. भेके याच्याकडे राष्ट्रीय निवड समितीचे लक्ष उशिरा गेले, त्यामागे हेही एक कारण असावे.

बंगळुरूमध्ये स्थैर्य

आय-लीगमधून आयएसएलमध्ये दाखल झालेल्या बंगळुरू एफसी या संघात भेके याने २०१७ मध्ये प्रवेश केला. तेथे त्याला चार मोसमांचे स्थैर्य लाभले. उजव्या बगलेवरील बचावपटू आणि मध्यवर्ती बचावपटू अशा दोन्ही जागांवर तो खेळू लागला.

या दोन जागांची कामे भिन्न आहेत. मध्यवर्ती बचावपटूला प्रतिस्पर्ध्याच्या मुख्य आघाडीपटूला रोखावे लागते आणि हवेतील चेंडूवर वर्चस्व ठेवावे लागते. बगलेवरील बचावपटूला त्याखेरीज संपूर्ण मैदानाच्या लांबीने वर-खाली धावत आक्रमणालाही साथ द्यावी लागते. दोन्ही जागा सांभाळू शकणारा खेळाडू प्रशिक्षकांना हवाहवासा असतो. परंतु अशा खेळाडूची कोणत्याही एका जागेवरचा तज्ज्ञ म्हणून ओळख निर्माण होत नाही. भेके याच्या लांब पल्ल्याच्या थ्रो-इनचाही संघाला उपयोग होत असे.

भुवनेश्वर येथे २० एप्रिल २०१८ रोजी झालेल्या सुपर चषकाच्या अंतिम सामन्यात बंगळुरूची गाठ भेके याच्या जुन्या संघाशी, ईस्ट बंगालशी पडली. ईस्ट बंगालने आघाडी घेतल्यानंतर मध्यंतरापूर्वी भेके याने बरोबरीचा गोल केला. त्यानंतर बंगळुरूने हा सामना ४-१ असा जिंकला. सुनील छेत्रीने या सामन्यात दोन गोल केले आणि साहजिकच प्रसिद्धीचा झोत त्याच्यावर राहिला.

अंधेरीतील ती रात्र

भेके याचे नाव खऱ्या अर्थाने घरोघरी पोहोचले ते पुढील वर्षी. बंगळुरू संघ २०१८ मध्ये आयएसएलच्या अंतिम सामन्यात स्वतःच्या मैदानावर चेन्नईयन एफसीकडून २-३ असा पराभूत झाला होता. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत अंधेरी येथील मैदानावर हा संघ सलग दुसऱ्यांदा अंतिम सामना खेळत होता. समोर एफसी गोवा हा आक्रमक खेळासाठी प्रसिद्ध असलेला संघ होता.

निर्धारित नव्वद मिनिटांत दोन्ही संघांना गोल करता आला नाही. जादा वेळेत गोव्याच्या अहमद जाहू याला दुसरे पिवळे कार्ड मिळाल्याने त्या संघाला दहा खेळाडूंनिशी खेळावे लागले. सामना पेनल्टी शूटआउटकडे झुकत असतानाच, ११७ व्या मिनिटाला डिमास डेलगाडो याने घेतलेल्या कॉर्नर किकवर भेके याने हेडरद्वारे चेंडू जाळ्यात धाडला. बंगळुरूने १-० असा विजय मिळवत आयएसएलचे पहिले जेतेपद पटकावले. साखळी फेरीत अव्वल स्थान मिळवणाऱ्या संघाने अंतिम सामनाही जिंकण्याची या स्पर्धेतील ती पहिलीच वेळ होती.

मुंबईकर खेळाडूने मुंबईच्याच मैदानावर हा निर्णायक गोल केला. उल्लेखनीय बाब अशी की, गोव्यासारख्या संघाला १२० मिनिटे गोलपासून रोखण्यात बंगळुरूच्या बचावफळीचा जो वाटा होता, त्याची चर्चा या एका हेडरच्या तुलनेत फारच कमी झाली.

राष्ट्रीय संघात पदार्पण

त्याच वर्षी मे महिन्यात क्रोएशियाचे माजी बचावपटू इगोर स्टिमॅच यांची भारतीय संघाच्या प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. थायलंडमधील बुरीराम येथे किंग्ज चषक स्पर्धेत ५ जून २०१९ रोजी क्युरासाओविरुद्ध झालेल्या त्यांच्या पहिल्याच सामन्यात भेके याने आंतरराष्ट्रीय पदार्पण केले. भारताने तो सामना १-३ असा गमावला.

यानंतर तीन महिन्यांनी, १० सप्टेंबर २०१९ रोजी दोहा येथे विश्वचषक पात्रता फेरीत भारतासमोर आशियाई विजेत्या कतारचे आव्हान होते. आजारपणामुळे छेत्री उपलब्ध नव्हता. कतारने सामन्यावर जवळपास पूर्ण वर्चस्व राखले, तरीही सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू याने अनेक अवघड फटके अडवले आणि त्याची यथोचित प्रशंसा झाली. त्याच्यासमोरील बचावफळीत भेके आणि संदेश झिंगन यांच्यासह आदिल खान व मंदार राव देसाई हे दोन गोमंतकीय खेळाडू होते. अलीकडच्या काळातील भारतीय फुटबॉलच्या सर्वांत संस्मरणीय निकालांमध्ये या बरोबरीची गणना होते. एकही गोल न करता मिळवलेला हा निकाल, बचावालाही स्वतःचे मोल असते याचा उत्तम दाखला ठरला.

लाल कार्ड

बचावपटूच्या वाट्याला येणारी दुसरी बाजूही भेके याला दोहा येथेच अनुभवावी लागली. कतारविरुद्धच्याच परतीच्या सामन्यात, ३ जून २०२१ रोजी, त्याला सुरुवातीच्या सतरा मिनिटांतच दोन पिवळी कार्डे मिळाली आणि पंचांनी त्याला मैदानाबाहेर पाठवले. उर्वरित त्र्याहत्तर मिनिटे भारताला दहा खेळाडूंनिशी झुंज द्यावी लागली. कतारने हा सामना १-० असा जिंकला.

एखाद्या आघाडीपटूने पहिल्या पंधरा मिनिटांत दोन सोप्या संधी गमावल्या, तरी त्याला उरलेल्या वेळेत त्याची भरपाई करता येते. बचावपटूच्या दोन चुका त्याला थेट मैदानाबाहेर नेऊ शकतात. तिशी ओलांडलेल्या खेळाडूसाठी असा प्रसंग कारकिर्दीला उतरती कळा लावणारा ठरू शकला असता. भेके याच्या बाबतीत तसे घडले नाही.

मुंबई सिटी आणि आशियाई पातळी

भेके २०२१ मध्ये मुंबई सिटी एफसी संघात दाखल झाला. अनेक वर्षे अन्य शहरांत खेळल्यानंतर तो आपल्या शहराच्या संघात परतला होता. प्रशिक्षक डेस बकिंगहॅम यांच्या मार्गदर्शनाखाली तो प्रामुख्याने मध्यवर्ती बचावपटू म्हणून खेळू लागला.

आशियाई चॅम्पियन्स लीग ही आशिया खंडातील क्लबांची सर्वोच्च स्पर्धा. एप्रिल २०२२ मध्ये सौदी अरेबियातील रियाध येथे या स्पर्धेतील मुंबई सिटीचे गटसामने झाले. तोवर कोणत्याही भारतीय क्लबला या स्पर्धेच्या मुख्य फेरीत सामना जिंकता आला नव्हता. ११ एप्रिल रोजी इराकच्या अल कुवा अल जाविया, म्हणजेच हवाई दलाच्या संघाविरुद्ध मुंबईचा संघ पिछाडीवर पडला. डिएगो मॉरिसिओ याने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि काही मिनिटांतच, ७५ व्या मिनिटाला कॉर्नर किकवर भेके याने हेडरद्वारे विजयी गोल केला. भारतीय क्लबच्या या ऐतिहासिक विजयाची नोंद २-१ अशी झाली आणि निर्णायक गोल पुन्हा एकदा बचावपटूच्या नावावर लागला. मुंबईने परतीच्या लढतीतही याच संघाला १-० असे हरवले आणि गटात दुसरे स्थान मिळवले.

मुंबई सिटीने २०२२-२३ च्या मोसमात साखळी फेरीतील अव्वल संघाला मिळणारी आयएसएल शिल्ड पटकावली. पुढील मोसमात संघाचे नेतृत्व भेके याच्याकडे सोपवण्यात आले. हा मोसम खडतर होता. आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये अल हिलालसारख्या बलाढ्य संघाचा समावेश असलेल्या गटात मुंबईला सर्व सहा सामने गमवावे लागले. बकिंगहॅम यांनी मोसमाच्या मध्यावरच संघ सोडला आणि पेत्र क्रात्की यांनी सूत्रे हाती घेतली. १५ एप्रिल २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानविरुद्ध १-२ असा पराभव झाल्याने शिल्डही हातची गेली.

त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांत, ४ मे २०२४ रोजी, त्याच मैदानावर हेच दोन संघ आयएसएल चषकाच्या अंतिम सामन्यात पुन्हा समोरासमोर आले. मध्यंतरापूर्वी मोहन बागानने आघाडी घेतली. परंतु उत्तरार्धात मुंबईने तीन गोल करत सामना ३-१ असा जिंकला. मोहन बागानच्या हजारो पाठीराख्यांसमोर जेतेपदाचा चषक उंचावण्याचा मान कर्णधार म्हणून भेके याला मिळाला. बंगळुरूसाठी २०१९ मध्ये अंतिम सामन्याचा नायक ठरलेला हा खेळाडू पाच वर्षांनी आपल्या शहराच्या विजेत्या संघाचा कर्णधार झाला होता.

आशियाई चषक आणि त्यानंतर

दरम्यान, राष्ट्रीय संघातही भेके याचे स्थान भक्कम झाले होते. कतारमध्ये जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या आशियाई चषक स्पर्धेत अन्वर अली दुखापतीमुळे खेळू शकला नाही आणि झिंगनसोबत मध्यवर्ती बचावाची जबाबदारी भेके याच्यावर आली. ऑस्ट्रेलियाविरुद्ध १३ जानेवारीच्या पहिल्या सामन्यात भारताने मध्यंतरापर्यंत गोल होऊ दिला नाही. अंतिम निकाल मात्र ०-२ असा लागला. उझबेकिस्तानविरुद्ध ०-३ आणि सीरियाविरुद्ध ०-१ अशा पराभवांमुळे भारताचे आव्हान गटातच आटोपले.

छेत्रीने ६ जून २०२४ रोजी कुवेतविरुद्धच्या सामन्यानंतर निवृत्ती स्वीकारली आणि संघाला गोल कोण मिळवून देणार, हा प्रश्न तीव्र झाला. संपूर्ण २०२४ या वर्षात भारताला एकही आंतरराष्ट्रीय सामना जिंकता आला नाही. वर्षातील अखेरच्या सामन्यात मलेशियाविरुद्ध भारत पिछाडीवर असताना ब्रँडन फर्नांडिस याच्या कॉर्नर किकवर भेके याने बरोबरी साधली. पदार्पणानंतर पाच वर्षांहून अधिक काळाने आलेला त्याचा हा पहिला आंतरराष्ट्रीय गोल होता.

विजयाची प्रतीक्षा अखेर १९ मार्च २०२५ रोजी शिलाँग येथे संपली. निवृत्ती मागे घेऊन छेत्री या सामन्यात मैदानात उतरला होता. मालदीवविरुद्ध भारताने ३-० असा विजय मिळवला आणि त्यातील पहिला गोल भेके याने, पुन्हा कॉर्नर किकवर केला. १६ नोव्हेंबर २०२३ च्या कुवेतवरील विजयानंतर तब्बल ४८९ दिवसांनी भारताने आंतरराष्ट्रीय सामना जिंकला होता. सामन्याचे मथळे अपेक्षेप्रमाणे छेत्रीच्या पुनरागमनाला मिळाले.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये खालिद जमील यांची राष्ट्रीय प्रशिक्षकपदी नियुक्ती झाली. मुंबई एफसीच्या दिवसांतील आपल्या प्रशिक्षकांच्या हाताखाली, या वेळी देशाच्या संघातून खेळण्याची संधी भेके याला मिळाली. काफा नेशन्स चषक स्पर्धेत भारताने २९ ऑगस्ट रोजी ताजिकिस्तानमध्ये यजमान संघाला २-१ असे हरवले. भारताचे दोन्ही गोल अन्वर अली आणि झिंगन या बचावपटूंनीच केले. तिसऱ्या स्थानासाठी ८ सप्टेंबर रोजी ओमानविरुद्ध झालेला सामना १-१ अशा बरोबरीनंतर शूटआउटमध्ये गेला. त्यात भारताच्या तीन यशस्वी पेनल्टींपैकी एक भेके याची होती. मात्र वर्षअखेरीपूर्वीच २०२७ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरण्याचे भारताचे स्वप्न भंगले.

मोल कशाने ठरते?

भेके याच्या कारकिर्दीतील चर्चेत आलेले प्रसंग एकत्र पाहिले, तर त्यातील बहुतेक गोलचेच आहेत. सुपर चषकातील बरोबरी, अंधेरीतील हेडर, रियाधमधील विजयी गोल, शिलाँगमधील पहिला गोल. बचावपटूचे नाव लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी त्याला आघाडीपटूचे काम करावे लागले, असा याचा सरळ अर्थ निघतो. दोहा येथील गोलशून्य बरोबरीतील त्याचा वाटा मात्र या यादीत सहसा घेतला जात नाही.

अलीकडे सामन्यांचे सविस्तर आकडे उपलब्ध होऊ लागले आहेत. चेंडू किती वेळा अडवला, हवेतील किती द्वंद्वे जिंकली, किती पास अचूक दिले, याची मोजदाद होते. त्यामुळे बचावपटूंच्या कामाकडे पाहण्याची दृष्टी काही अंशी बदलत आहे. तरीही आधीच योग्य जागी उभे राहून टाळलेले संकट कोणत्याही आकड्यात मावत नाही. ते प्रशिक्षकांना आणि सहकाऱ्यांना कळते. दोन्ही मोठ्या क्लबांनी भेके याला दीर्घकाळ संघात ठेवले, मुंबईने कर्णधारपद दिले, बंगळुरूने २०२४ मध्ये त्याला पुन्हा बोलावले आणि राष्ट्रीय संघाच्या एकापाठोपाठ एक तीन प्रशिक्षकांनी त्याच्यावर विश्वास टाकला. त्याच्या खेळाची खरी पावती या निर्णयांत आहे.

हा प्रश्न भारतीय फुटबॉलच्या भवितव्याशीही निगडित आहे. शालेय आणि जिल्हा स्तरावर बहुतेक मुलांना आघाडीवरच खेळायचे असते. बचावफळीत उभे राहणे ही अनेकदा शिक्षा समजली जाते. ज्या देशाला बलाढ्य संघांविरुद्ध बहुतेक वेळ बचावच करावा लागतो, त्या देशाला उत्तम बचावपटूंची गरज सर्वाधिक आहे. अठ्ठाविसाव्या वर्षी देशासाठी पहिला सामना, तेहतिसाव्या वर्षी विजेतेपद पटकावणारा कर्णधार आणि चौतिसाव्या वर्षीही राष्ट्रीय संघात स्थान, ही वाटचाल अशा मुलांसाठी दिलासादायक ठरावी. निवड करणाऱ्यांनी मात्र पुढील भेकेसाठी एवढी वर्षे थांबू नये, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

राहुल भेके : दृष्टिक्षेपात

जन्म : ६ डिसेंबर १९९०, मुंबई
जागा : मध्यवर्ती बचावपटू, उजव्या बगलेवरील बचावपटू
प्रमुख क्लब : मुंबई एफसी, ईस्ट बंगाल, केरळ ब्लास्टर्स, पुणे सिटी, बंगळुरू एफसी, मुंबई सिटी एफसी
आंतरराष्ट्रीय पदार्पण : ५ जून २०१९, क्युरासाओविरुद्ध, बुरीराम
पहिला आंतरराष्ट्रीय गोल : १८ नोव्हेंबर २०२४, मलेशियाविरुद्ध, हैदराबाद
प्रमुख विजेतेपदे : सुपर चषक (२०१८) आणि आयएसएल (२०१८-१९) बंगळुरूकडून, आयएसएल शिल्ड (२०२२-२३) आणि आयएसएल चषक (२०२३-२४, कर्णधार) मुंबई सिटीकडून